मोठ्या संख्येचे मूळ अवयव: सूत्राला हात लावण्याआधीचं काम

४०,३७,१९,६२४ या संख्येला एकूण विभाजक किती? मे महिन्यात आमच्या पडवीत शिकायला बसणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण घातलं. उत्तर २८८ आहे, पण बहुतेक वह्यांत १४४ आलं. सूत्र सगळ्यांनी नीट वापरलं होतं, गुणाकारही चोख होते, आणि उलटा गुणून घेतलेला पडताळासुद्धा जुळला होता. चूक त्याच्या बरीच आधी झाली होती. शेवटी उरलेली एक संख्या मूळ आहे असं त्यांनी न तपासता धरून टाकलं होतं.

हीच चूक मी दरवर्षी बघतो. विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज, पूर्ण वर्ग आहे की नाही, ऑयलरचं फाय (संख्येपर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी १ सोडून सामाईक विभाजक नाही त्याची मोजणी), यांतलं काहीही काढायचं असेल तरी सगळं मूळ अवयवांवर उभं असतं. ते अर्धवट राहिले तर पुढचं प्रत्येक उत्तर चुकतं, आणि चुकलंय हे दिसतही नाही. म्हणून हीच संख्या घेऊन पूर्ण क्रम लिहितो आहे. वही घेऊन सोबत करत चला.

## तयारी

वही आडवी धरा. रेघा उभ्या होतात आणि दोन रेघांच्या मधल्या घरात एकच अंक लिहिता येतो. लांब भागाकारात अंक सरकतात ते इथे सरकत नाहीत. एवढ्या एका सवयीने निम्म्या चुका टळतात असं माझं मत आहे.

मूळ संख्यांची यादी वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, पण ती १०० वर थांबवू नका. १०० पर्यंत २५ मूळ संख्या आहेत हे सगळ्यांना पाठ असतं, आणि यादी तिथेच संपते असं डोक्यात बसतं. पुढच्या १०१, १०३, १०७, १०९, ११३, १२७ याही लिहा. या यादीची गरज आज लागणार आहे.

त्याच कागदाच्या मागे दिसायला मूळ पण प्रत्यक्षात संयुक्त अशा संख्या लिहा: ९१ (७ × १३), ११९ (७ × १७), १३३ (७ × १९), १४३ (११ × १३), १६१ (७ × २३), १८७ (११ × १७), २१७ (७ × ३१), २२१ (१३ × १७), २४७ (१३ × १९). यांतल्या ९१ ला मूळ म्हणणारं कोणीतरी प्रत्येक वर्गात असतं.

## टप्पा १: संख्या उतरवून घेणे

संख्या उतरवली की लगेच तीन गोष्टी तिच्या शेजारी लिहा.

अंक किती: ९.

अंकांची बेरीज: ४ + ० + ३ + ७ + १ + ९ + ६ + २ + ४ = ३६.

उजवीकडून एक आड एक वजा-अधिक: ४ − २ + ६ − ९ + १ − ७ + ३ − ० + ४ = ०.

तिसरी ओळ मुलं गाळतात, कारण बेरीज जुळली की पुरे असं वाटतं. पण घाईत आपण बहुतेक वेळा शेजारचे दोन अंक उलटे लिहितो. ४०,३७,१९,६२४ ऐवजी ४०,३७,९१,६२४ लिहिलं तरी अंकांची बेरीज ३६ च येते. वजा-अधिक मात्र १६ येतं आणि चूक तिथल्या तिथे सापडते.

तपासा: तिन्ही आकडे मूळ प्रश्नावरून पुन्हा काढा, स्वतःच्या वहीवरून नको. वहीत चुकीचं उतरलं असेल तर वहीवरून काढलेला आकडाही त्याच चुकीशी जुळेल.

## टप्पा २: लहान विभाजक संपेपर्यंत काढणे

क्रम ठरलेला आहे: आधी २, मग ३, मग ५. एक विभाजक पूर्ण संपल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही.

२ ने: ४०,३७,१९,६२४ → २०,१८,५९,८१२ → १०,०९,२९,९०६ → ५,०४,६४,९५३. आता संख्या विषम झाली. २ तीन वेळा गेला.

३ ने: ५,०४,६४,९५३ ची अंकबेरीज ३६. भाग जातो: १,६८,२१,६५१. अंकबेरीज ३०, पुन्हा जातो: ५६,०७,२१७. आता अंकबेरीज २८, थांबा. ३ दोन वेळा गेला.

५ ने: शेवटचा अंक ७, म्हणून नाही.

इथे दोन ठिकाणी जपा.

पहिलं, अंकबेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे. बेरीज २७ आली म्हणून २७ ने भाग जात नाही. १,८९९ ची बेरीज २७ आहे, पण तिला २७ ने भागलं तर ९ बाकी उरते. म्हणून ९ नंतर प्रत्येक वेळी खरा भागाकार करून नव्या संख्येची अंकबेरीज पाहायची.

दुसरं, दोन कसोट्या एकत्र गुंफताना त्या दोन संख्या सहमूळ हव्यात, म्हणजे १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नसावा. ३६ आंबे ४ जणांत सारखे वाटता येतात, ६ जणांतही येतात, पण २४ जणांत येत नाहीत. ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे म्हणून हे फसतं. ८ आणि ९ मध्ये सामाईक काही नाही, म्हणून ८ ने आणि ९ ने भाग गेला तर ७२ ने जातोच.

## टप्पा ३: ७, ११ आणि १३ एकाच फटक्यात

७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून एक आड एक वजा-अधिक केलं, तर येणाऱ्या छोट्या संख्येवरून तिन्ही विभाजकांचा निकाल कळतो.

५६०७२१७ चे गट: ५ | ६०७ | २१७. मग २१७ − ६०७ + ५ = −३८५. उणे चिन्ह सोडून द्या. ३८५ = ५ × ७ × ११. म्हणजे ७ ने जातो, ११ ने जातो, १३ ने जात नाही.

सावधान: आपले स्वल्पविराम लाख-कोटीचे असतात, ५६,०७,२१७ असे. मुलं त्याच स्वल्पविरामांवर गट पाडतात आणि २१७ − ७ + ५६ = २६६ काढतात. २६६ ला ७ ने भाग जातो तो निव्वळ योगायोग आहे. ११ ने मात्र जात नाही, आणि ११ हा अवयव हातून निसटतो. ही कसोटी वापरताना स्वल्पविराम आधी पुसा, मग तीन-तीनचे गट पाडा. आपल्याकडच्या वह्यांत या पायरीला सगळ्यात जास्त चुका याच कारणाने होतात.

आता भागाकार. ५६०७२१७ ÷ ७ = ८०१०३१. या उत्तरात दोन शून्यं आहेत. भाग जात नाही तेव्हा वर शून्य लिहून पुढचा अंक खाली घ्यायचा असतो. घाईत शून्य राहून जातं आणि उत्तर ८१०३१ किंवा ८१३१ होतं. भागाकार करण्याआधीच अंदाज घ्या: ५६ लाखाला ७ ने भागलं की साधारण ८ लाख, म्हणजे उत्तर सहा अंकी यायला हवं. पाच अंकी आलं तर शून्य हरवलं आहे.

७ पुन्हा तपासा. ८०१ | ०३१: ३१ − ८०१ = −७७०, जातो. ८०१०३१ ÷ ७ = ११४४३३. पुन्हा: ४३३ − ११४ = ३१९ = ११ × २९. आता ७ ने जात नाही, ११ ने जातो. ११४४३३ ÷ ११ = १०४०३. शेवटचं: ४०३ − १० = ३९३, हिला ७, ११, १३ यांपैकी कशानेही भाग जात नाही.

७ दोन वेळा, ११ एकदा. उरले १०४०३.

## टप्पा ४: उरलेली संख्या

बहुतेक वह्यांत इथे लिहिलं होतं: "१०४०३ मूळ संख्या". सुरुवातीचं १४४ हे उत्तर त्यातूनच आलं.

आधी एक भीती काढून टाकू. सुरुवातीच्या संख्येचं वर्गमूळ सुमारे २०,०९२ आहे, म्हणजे तिथपर्यंत सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं का? नाही. आता वर्गमूळ उरलेल्या संख्येचं घ्यायचं. कोणतीही संयुक्त संख्या दोन अवयवांचा गुणाकार असते आणि त्यांतला लहान अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा असू शकत नाही. १०२ × १०२ = १०४०४, म्हणजे १०४०३ चं वर्गमूळ १०२ ला अगदी टेकलेलं, पण त्याहून किंचित कमी. म्हणून १०१ पर्यंत तपासायचं. ९७ पर्यंत नाही, १०१ पर्यंत.

१३ पर्यंतचं काम झालेलं आहे. उरले १७ ते १०१ मधले वीस भागाकार. प्रत्येकाची बाकी लिहा, "जात नाही" एवढंच लिहू नका. बाकी लिहायची म्हटली की भागाकार खरोखर करावा लागतो. तुमच्या बाक्या यांच्याशी जुळवा:

१७ – १६, १९ – १०, २३ – ७, २९ – २१, ३१ – १८, ३७ – ६, ४१ – ३०, ४३ – ४०, ४७ – १६, ५३ – १५, ५९ – १९, ६१ – ३३, ६७ – १८, ७१ – ३७, ७३ – ३७, ७९ – ५४, ८३ – २८, ८९ – ७९, ९७ – २४.

एकोणीस भागाकार झाले, एकही निःशेष नाही. शंभरपर्यंतची यादी संपली, दमायलाही झालं, आणि पेन खाली ठेवावंसं वाटतं ते नेमकं इथेच. विसावा भागाकार: १०१ × १०३ = १०४०३. बाकी शून्य.

आता एक युक्ती सांगतो. ती मुद्दाम नंतर सांगतो आहे, कारण आधी सांगितली तर मुलं भागाकार सोडून तिच्यावरच विसंबतात. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यातून आपली संख्या वजा करा. उरलेला फरक पूर्ण वर्ग असेल तर काम झालं. १०४०४ − १०४०३ = १, आणि १ हा पूर्ण वर्ग आहे. म्हणून १०४०३ = (१०२ − १) × (१०२ + १). वीस भागाकारांचं काम एका ओळीत झालं.

ही युक्ती किती पुढे नेते ते पाहायचं असेल तर १२,३४,५६,७८९ घ्या. ९ ने भागल्यावर १,३७,१७,४२१ उरतात. सरळ भागाकार करत गेलात तर ३६०७ पर्यंत पोहोचेतो पाऊस संपेल. युक्तीने बघा: वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे. ३७०४ चा वर्ग घेतला तर फरक २१९५, पूर्ण वर्ग नाही. ३७०५ चा वर्ग घेतला तर फरक ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. झालं: ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दोन्ही मूळ आहेत, पण त्यांची खात्री ५९ आणि ६१ पर्यंत भागून तुम्ही करा.

सावधान: दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही युक्ती लवकर लागते. चार-पाच प्रयत्नांत लागली नाही म्हणून संख्या मूळ ठरत नाही. अशा वेळी निमूटपणे भागाकाराकडे परत यायचं.

## टप्पा ५: पडताळा, आणि पडताळ्यात न दिसणारी चूक

१०१ आणि १०३ मूळ आहेत का? दोघांचं वर्गमूळ १० च्या थोडं पुढे. २, ३, ५, ७ यांपैकी कशानेही भाग जात नाही. मूळ आहेत.

आता पूर्ण रूप लिहा: ८ × ९ × ४९ × ११ × १०१ × १०३, म्हणजे २ चा घातांक ३, ३ चा २, ७ चा २, आणि ११, १०१, १०३ यांचा प्रत्येकी १. १ हा अंक यादीत घालायचा नाही, तो मूळ संख्या नाही. घातला तर त्याचाही घातांक मोजला जातो आणि विभाजकांची संख्या उगाच दुप्पट होते.

गुणून बघा, ४०,३७,१९,६२४ येतात. पण ८ × ९ × ४९ × ११ × १०४०३ गुणलं तरी तेच येतात. माझ्या मुलांचा पडताळा जुळला तो असा. गुणाकार जुळला म्हणजे भागाकार बरोबर झाले एवढंच कळतं, प्रत्येक अवयव मूळ आहे हे त्यातून कळत नाही. म्हणून पडताळे दोन हवेत: गुणाकाराचा एक, आणि यादीतल्या प्रत्येक मोठ्या अवयवाशेजारी "कुठपर्यंत तपासला" असं लिहिलेला दुसरा. १०३ च्या शेजारी "७ पर्यंत तपासला" असं लिहिलेलं नसेल तर मी त्या उत्तराला गुण देत नाही.

## टप्पा ६: आता सूत्रं

इथून पुढचं काम जलद होतं.

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा. ४ × ३ × ३ × २ × २ × २ = २८८. नुसते घातांक गुणले तर ३ × २ × २ × १ × १ × १ = १२ येतात. ही चूक घाईत होते. यांतले विषम विभाजक हवे असतील तर २ चा ४ वगळा: ७२.

संख्या आयतात मांडण्याचे प्रकार विचारले तर विभाजकांच्या जोड्या मोजायच्या, म्हणजे १४४. पण डोळे मिटून निम्मे करू नका. पोफळीची ३६ रोपं सारख्या ओळींत लावायची तर विभाजक ९ आहेत आणि प्रकार ५: १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९ आणि ६ × ६. पूर्ण वर्ग असला की विभाजक विषम येतात आणि मधला एकटा राहतो.

विभाजकांची बेरीज: प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या सर्वांत मोठ्या घातापर्यंत सगळे घात मिळवायचे. २ साठी १ + २ + ४ + ८ = १५. मुलं १ + ८ = ९ करतात, मधले घात विसरतात. ३ साठी १३, ७ साठी ५७, ११ साठी १२, मग १०२ आणि १०४. गुणाकार १,४१,४८,९५,०४०. यातून संख्या स्वतः वजा केली तर १,०१,११,७५,४१६ उरतात, संख्येपेक्षा जास्त. म्हणजे ही विपुल संख्या आहे.

ऑयलरचं फाय, म्हणजे या संख्येपर्यंतच्या आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती: ४ × ६ × ४२ × १० × १०० × १०२ = १०,२८,१६,०००. यातला ४२ नीट बघा. ४९ मधून ७ च्या पटी वजा करायच्या, ४९ − ७ = ४२. कोणी ६ × ६ = ३६ करतं, कोणी ४९ − १ = ४८. दोन्ही चूक.

पूर्ण वर्ग: शेवटचा अंक ४ आहे म्हणून वर्ग असेल असं वाटू शकतं. घातांक बघा: ३, १, १, १ विषम आहेत, म्हणून नाही. वर्ग करायला कमीत कमी कितीने गुणावं? विषम घातांकाचा प्रत्येक अवयव एकदा: २ × ११ × १०१ × १०३ = २,२८,८६६. या संख्येत सामावलेला सर्वांत मोठा वर्ग १,७६४, म्हणजे ४२ चा वर्ग.

तपासा: १,७६४ × २,२८,८६६ किती? सुरुवातीची संख्या परत आली पाहिजे.

## टप्पा ७: वीस-तीस अंकी संख्या आली तर

कागद इथे संपतो, पण क्रम तोच राहतो.

एक्सेलसारखी तक्ते करणारी सॉफ्टवेअरं संख्येतले सुरुवातीचे पंधराच अंक धरून ठेवतात. सोळावा अंक टाकला की ते त्या जागी शून्य ठेवतात आणि काही सांगतही नाहीत. संख्येच्या शेवटी अचानक शून्यं दिसली तर तिथेच थांबा. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, पण भागाकारासाठी एक तिरकी रेघ वापरलीत तर उत्तर दशांशात जातं आणि मागचे अंक गळतात. दोन तिरक्या रेघा वापरा, आणि त्याआधी बाकी शून्य आहे का ते वेगळं बघा.

मोठी संख्या मूळ आहे का हे संगणक झटकन सांगतो, तिचे अवयव पाडणं मात्र फार अवघड असतं. झटपट उत्तर देणाऱ्या कसोट्यांचा अर्थ नीट समजून घ्या. संख्या विषम मूळ असेल, तर २ चा तिच्याहून एक कमी इतका घात घेऊन तिनेच भागलं की बाकी १ उरते. बाकी १ आली नाही तर ती नक्की संयुक्त. पण १ आली म्हणून नक्की मूळ असं नाही. ३४१ वर हे हातानेही करता येतं: २ चा दहावा घात १०२४, आणि १०२४ = ३ × ३४१ + १, म्हणून बाकी १. तर ३४० व्या घाताचीही बाकी १. तरीही ३४१ = ११ × ३१. त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमने "बहुधा मूळ" म्हटलं तर वहीत "बहुधा" हा शब्द तसाच लिहा.

## सरावाला

डहाणूत जन्मलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांची ६१७४ ही संख्या घ्या आणि वरचे सहा टप्पे करा. अवयव २, ३, ३, ७, ७, ७. विभाजक २४, त्यांची बेरीज १५,६००, फाय १,७६४. ७ दोनदा काढून थांबलात तर ७ च उरतो आणि तो मोजायचा राहतो. विभाजक १८ आले असतील तर टप्पा ३ पुन्हा करा.